‘कुटुंबात आणखी कोणाला?’ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
स. न. वि. वि.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. सत्तावीस वर्षे मराठी शाळेत गणित शिकवले. हे पत्र एका खोट्या उत्तराबद्दल आहे, आणि ते उत्तर मीच दिलेले आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे. एकोणतिसाव्या वर्षी तिला उजव्या डोळ्याने धूसर दिसू लागले, डोळा फिरवला की आत दुखायचे. तीन-चार आठवड्यांत ते आपसूक निवळले, म्हणून आम्हीही सोडून दिले. पुढे तीन वर्षांनी ठाणे स्टेशनच्या पुलावर तिच्या पायातली चप्पल निसटली आणि तिला कळलेच नाही. मागून येणाऱ्या एका बाईने हाक मारून सांगितले. मग एमआरआय झाला, पाठीतले पाणी काढून तपासले आणि मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात निदान झाले. शरीराची संरक्षक यंत्रणा मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे आवरण परके समजून कुरतडते, असा हा आजार. बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो, आणि बहुधा विशी ते चाळिशीत, म्हणजे नेमका घर-संसार उभा राहत असताना.

त्या ओपीडीत टेबलाभोवती आठ-दहा माणसे उभी होती. डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, “कुटुंबात आणखी कोणाला असा त्रास?” बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “नाही.” केस पेपरवर तसे लिहिले गेले.

दादरहून स्लो गाडीने येताना मुलुंडच्या आसपास मला मावशी आठवली, असे मी पुढे बरीच वर्षे लोकांना सांगत असे. तेही अर्धे खोटेच. ती मला टेबलासमोरच आठवली होती. आदल्या रात्री बहिणीला भिंतीला हात टेकत चालताना पाहून आईचा चेहरा उतरला होता. “अक्काचंही असंच सुरू झालं होतं,” ती म्हणाली, आणि लगेच बजावले, “पण तिचं तिथे काढू नका. पोरीची जात आहे, उद्या स्थळं बघायची आहेत.” पोर म्हणजे माझी भाची. ती तेव्हा आठ वर्षांची होती.

आमची मावशी मुरबाडकडच्या एका गावात दिली होती. तिशीत तिचे पाय जड पडायचे, महिना-दोन महिने अंथरुणाला खिळायची, मग उठून पुन्हा शेतावर जायची. पुढेपुढे उठणे कमी होत गेले. लोक म्हणत, अंगावरून वारं गेलं. काही म्हणत, बाहेरचं आहे. सासूचे म्हणणे वेगळेच होते: चुलीपुढे बसवलं की हिचे पाय गळतात, म्हणजे ही कामचुकार. मला हे वाक्य फार उशिरा उमगले. मे महिन्यात गर्दीच्या गाडीतून उतरल्यावर माझ्या बहिणीची नजरही अशीच अंधारते, आणि पंख्याखाली दहा मिनिटे बसली की परत येते. अंग तापले की या आजारातली लक्षणे तात्पुरती बळावतात. ऊटहोफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० सालीच याची नोंद केली होती, आणि आजही हा प्रकार त्याच्याच नावाने ओळखला जातो. आमच्या मावशीला मात्र त्याच कारणावरून जन्मभर बोलणी खावी लागली. ती १९९१ साली गेली. तिला हाच आजार होता असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण तिच्या नावाचा एकही कागद नाही.

तेव्हा महोदय, आपल्या रुग्णालयांतल्या केस पेपरांवर ‘फॅमिली हिस्टरी’पुढे जे ‘नाही’ लिहिलेले असते, त्यातली काही आमच्यासारख्यांनी भीतीपोटी दिलेली असतात आणि काही मावशीसारख्यांचे निदानच झाले नाही म्हणून आलेली असतात.

आता ही भीती किती खरी, हे गणिताच्या बाईने सांगितले तर चालेल ना? मी वर्गात दरवर्षी घोकून घ्यायचे, की ‘पट’ वेगळी आणि ‘टक्के’ वेगळे. युरोप-अमेरिकेत हा आजार हजारात साधारण एक ते तीन जणांना होतो. आईला किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये ते प्रमाण शंभरात दोनाच्या आसपास जाते, सख्ख्या भावंडांत शंभरात तीनाच्या आसपास. ‘कित्येक पटींनी धोका’ असे म्हटले की छातीत धस्स होते. पण तोच आकडा उलटा वाचा: आईला एमएस असलेल्या शंभर मुलींपैकी अठ्ठ्याण्णवजणींना तो होत नाही. मावशी-आत्याच्या नात्यात तर हा धोका आणखी खाली, एक टक्क्याच्या जवळपास येतो. आणि जुळ्यांचे पाहा. एका गर्भातून दोन झालेल्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात. जनुकेच सगळे ठरवत असती तर एकाला झाला की दुसऱ्यालाही व्हायलाच हवा होता. प्रत्यक्षात चारातल्या एकालाच होतो, फार तर तिघांतल्या एकाला.

भाची आता तेवीस वर्षांची आहे, ऐरोलीला नोकरी करते. गेल्या वर्षी तिने मोबाइलवर एका जनुकचाचणीची जाहिरात दाखवली. गालाच्या आतून काडी फिरवायची, पाकीट पाठवायचे, धोका घरपोच. मी तिच्याबरोबर बसून वाचत गेले. १९७० च्या दशकापासून माहीत असलेला सगळ्यांत ठळक धागा म्हणजे एचएलए-डीआरबी१ या जनुकाचा १५:०१ हा प्रकार. तो असला की धोका सुमारे तिप्पट होतो. तरी तो असलेल्या बहुसंख्य माणसांना हा आजार कधीच होत नाही, आणि अनेक रुग्णांत तो सापडतही नाही. २०१९ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुकसंचातल्या २३३ जागांचा या आजाराशी संबंध दिसला. त्यातल्या बहुतेकांचा वाटा चिमूटभर. अशा चिमटींची बेरीज करून एका मुलीचे भविष्य सांगणे म्हणजे पत्रिकाच की, फक्त प्रयोगशाळेच्या लेटरहेडवरची. भाचीने चाचणी केली नाही. सिगारेट ओढणे, किशोरवयातला लठ्ठपणा, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही संबंध आढळला आहे. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर अधूनमधून ओढायची ती तिने सोडली. माझ्या मते चाचणीपेक्षा हे शहाणपणाचे झाले.

एका अभ्यासाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण माझी मागणी त्यातूनच सुचली. २०२२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले, की एपस्टाइन-बार या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. (पुन्हा ‘पट’! हा विषाणू जगातल्या दर शंभर प्रौढांपैकी नव्वदहून अधिक जणांच्या अंगात निमूट बसलेला असतो. आजार होतो तो त्यातल्या फार थोड्यांना.) हे त्यांना कसे कळले? तिथल्या सैन्याने वीस वर्षे एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी आणि त्यांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. सैनिक आजारी पडायच्या आधीचे रक्त हाताशी होते. आधीचे कागद होते म्हणून नंतरचा प्रश्न सुटला.

आपल्याकडे असे काही होत नाही, असे नाही. जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजी विभाग उभारणारे डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० साली मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात हा आजार भारतातल्या इतरांपेक्षा बराच जास्त असल्याचे मांडले. समाज छोटा, मोजता येण्याजोगा, म्हणून हे जमले. मंगळूरु शहरात मोजणी झाली तेव्हा लाखात साधारण आठ रुग्ण सापडले. तोच दर ठाणे शहराला लावला, तर २०११ च्या जनगणनेतल्या १८ लाख ४१ हजार लोकसंख्येत दीडशेच्या आसपास माणसे निघतात. हा माझा हिशेब, सरकारी आकडा नव्हे. दीडशे माणसे तलावपाळीच्या बाकांवर एका संध्याकाळी मावतील. एवढ्यांना मोजणे राज्याला जड नाही.

म्हणून विनंती. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या आधाराने एमएसची राज्यस्तरीय नोंदवही सुरू करा आणि तिच्यात तीन पिढ्यांचा कुटुंब-इतिहास घ्या. निदान पक्के असलेलेच नोंदवा. डोळा आणि मणका धरणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा वेगळा आजार आहे, त्याचे औषध वेगळे. दोन्ही एकाच रकान्यात गेले तर त्या वहीचा उपयोग नाही. आणि प्रश्न विचारायचा तो लोकांच्या बोलीत विचारा. ‘फॅमिली हिस्टरी आहे का’ याला उत्तर ‘नाही’च येणार. घरात कोणाच्या अंगावरून तरुणपणीच वारं गेलं होतं का, कोणाला एका डोळ्याने काही दिवस दिसेनासे झाले होते का, उन्हात किंवा चुलीपुढे कोणाचे पाय गळायचे का, असे विचारले तर आमची आईसुद्धा बोलली असती. विचारणारी व्यक्ती रुग्णालयातली वैद्यकीय समाजसेविका असावी, आणि दार बंद असावे. हे काम आशाताईंना घरोघरी पाठवून मात्र करून घेऊ नका. त्या बिचाऱ्या राबतातच, पण चाळीत असा प्रश्न एका दारात विचारला की उत्तर सगळ्या मजल्यांवर पोचते.

दुसरी विनंती आपल्या हातातली नाही, पण आपल्या पत्राला दिल्लीत माझ्या पत्रापेक्षा वजन आहे. भाचीने आरोग्यविमा काढायला घेतला. एजंटने सुचवले, “आईचा आजार लिहू नका, प्रकरण अडकेल.” म्हणजे जे मी पंधरा वर्षांपूर्वी केले तेच आता तिने करायचे, आणि पुढे कधी दावा करायची वेळ आली तर ‘माहिती लपवली’ हा ठपका तिच्यावर. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ‘आनुवंशिक आजार’ असा सरसकट शिक्का मारून विमा नाकारण्याला भेदभाव ठरवले होते. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरी या दोन्ही बाबतींत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला मनाई आहे, आणि त्या माहितीत कुटुंबाचा इतिहासही धरला आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव आहे, तेवढे संरक्षण माझ्या बहिणीला मिळाले. भाची आजारी नाही, ती फक्त कोणाची तरी मुलगी आहे. तिच्यासाठीही कायद्यात एक ओळ हवी.

गेल्या महिन्यात बहिणीला तपासणीला नेले. जाण्याआधी भाचीला विचारले, की मावशीआजीचे आता कागदावर घालू का. “लिही गं मावशी,” ती म्हणाली. निवासी डॉक्टर मुलगी तरुण होती, तिने पेन थांबवून सगळे ऐकले, चुलीचे ऐकताना दोन प्रश्नही विचारले. मग ‘नाही’ खोडून तिथे लिहिले: ‘मावशी – संशयित?’

घरी आल्यावर भाचीने विम्याचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. कुटुंबातील आजार, हा रकाना तिने कोरा ठेवला आहे. तिथे काय लिहू, असे ती विचारते. मी तिला दोन आठवडे थांबायला सांगितले आहे. तेवढ्यात आपले उत्तर आले तर तेच तिला वाचून दाखवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
नौपाडा, ठाणे