मायन्यात नाव नसलेलं पत्र

नागपूर,
तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय,

पुढची जागा मुद्दाम कोरी सोडली आहे. तुझे दोन फोन मी उचलले नाहीत, त्याबद्दल आधी पोटभर शिव्या दे आणि मग वाच. आईचे गुडघे तसेच, माझी थायरॉईडची गोळी चालू. तब्येतीचं एवढंच.

काल तान्ह्या पोळ्याला भाचा आला होता. तो आणि माझी पोट्टी लाकडी बैल घेऊन गल्लीभर बोजारा मागून आले आणि दुपारी पोकेमॉन घेऊन बसले. भावाचे जुने दोन निन्टेन्डो डीएस, ती हातात धरून गेम खेळायची यंत्रं, अजून चालतात. भाच्याने मोठ्या मनाने खेळात पकडलेला आपला पिकाचू अदलाबदलीत हिला दिला. त्याने त्याचं नाव ठेवलं होतं गब्बू. हिला ठेवायचं होतं परी. त्या खेळात नाव बदलून देणारा एक माणूस असतो. ही त्याच्याकडे गेली, तर तो बदलूनच देईना. ज्याने पहिल्यांदा पकडला, त्याने ठेवलेलं नाव दुसऱ्याला पुसता येत नाही. हिने डीएस गादीवर आपटला. "आता मी सांभाळून राहिली न त्याला, मग नाव काऊन याचं?" भाच्याचं एकच, "पकडला मी न." दोघं भांडत माझ्याकडे न्याय मागायला आले, आणि मला आपली ठिपकी आठवली.

धरमपेठेतला तो सायबर कॅफे, पंख्याखालची खुर्ची कोणाची यावरून होणारी भांडणं, आणि निओपेट्स, ती खोटे प्राणी पाळायची साइट. ठिपकी तिथलीच. खातं माझं, नाव तू ठेवलेलं. नुसतं ठिपकी कोणीतरी आधीच घेतलं होतं, म्हणून पुढे तुझा रोल नंबर लावला. त्या साइटवर एक नाव एकाच प्राण्याला मिळतं आणि ते कधीच बदलत नाही. मी किती कुरकुरले होते! पासवर्ड माझा, जेवू मी घालते, आणि नावाचा मान हिचा. तू म्हणालीस, "मी आत्या आहे तिची." कुर्र करायला स्क्रीनला कान कुठे असतो हे शोधत बसलीस, आणि कॅफेवाल्याने आपल्याला हाकललं.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते सांगते. तुझ्या लग्नाहून मी न जेवता परतले, त्याच संध्याकाळी ठिपकीला तिथल्या अनाथालयात सोडून आले. सोडलेले प्राणी ताब्यात घेणाऱ्याचं नावही डॉक्टर डेथ! बटण दाबलं आणि रडत घरी आले. ताटातल्या तांदळावर तुझ्या नवऱ्याने अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं, ते मला सहन झालं नव्हतं. एकच समाधान आहे. तिला कोणी घरी नेलं असेल, तर आपल्या ठिपकीला ठिपकीच म्हणावं लागलं असेल, रोल नंबरासकट.

मुलांना मी सांगितलं, नाव गब्बूच राहील. पोट्टी जो बैल मिरवते तो माझ्या बाबांचा, त्याचं नाव ढवळ्या. ते बदलायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. बैल मिळाला तो नावासकट मिळाला. ज्याला स्वतः बोलता येत नाही, त्याचं पहिलं नाव पुसू नये असं मला मनापासून वाटतं. त्याच्याकडे आधीच्या घराचं तेवढंच तर असतं. लाडाने परी म्हण, कोण अडवतंय? २०१९ पासूनच्या पोकेमॉनमध्ये तर असं आहे की देणाऱ्याने नाव ठेवलंच नसेल, तर घेणाऱ्याला ते एकदा ठेवता येतं. हा नियम मला फार आवडला. नवरा म्हणाला, भांडणच नको, सगळ्यांना नंबर द्या. मी म्हटलं, ताडोबातली माया वाघीण कागदावर टी-१२ होती, तिला त्या नंबराने हाक मारणारा एक तरी माणूस दाखव.

हे सगळं बोलून झालं. रात्री पोट्टी पांघरुणात शिरून विचारते, "आई, गब्बूला बोलता आलं असतं तर? तो म्हणाला असता मला परीच आवडतं, तर?" मी म्हटलं, मग तो म्हणेल तेच.

आणि मग झोप कुठची.

तू तर बोलली होतीस गं. मांडवाच्या मागे माझा हात धरून म्हणाली होतीस, "हे नाव मी निवडलंय, त्यांनी नाही." मी ऐकलं नाही. इतकी वर्षं तुझ्या सासरी, तुझ्या लेकासमोर, भरल्या घरात तुला मुद्दाम जुन्याच नावाने हाका मारल्या, आणि तेही तुझी बाजू घेते आहे असं समजून. तू दर वेळी ओ दिलीस. कधी वाईट वाटलं का, हे मी एकदाही विचारलं नाही.

लेकाची दहावी कशी चालली आहे? नव्या घरात पाणी यायला लागलं का? भावजींना नमस्कार. संत्रा बर्फी पाठवते आहे, पण कुरिअरवाल्याला डब्यावर नाव लागतं. डबा बांधून टेबलावर ठेवलाय. वर कुठलं नाव लिहू, तेवढं आज रात्री कळव.

तुझीच