तपासणी हवी, पण मुलांना लाजवून नको

मा. संपादक,

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १ सप्टेंबर १९३९ पासून, बॉम्बहल्ल्यांच्या धास्तीने ब्रिटनने शहरांतली लाखो शाळकरी मुले खेड्यापाड्यांत हलवली. ज्यांच्या घरी ती उतरली, त्यांनी लगेच ओरड सुरू केली : डोक्यात उवा, अंगावर खरूज, रात्री अंथरूण ओले. वास्तविक शाळांतली वैद्यकीय तपासणी तिथे १९०७ च्या कायद्यापासून होती! पण ती धावती असे. शिवाय स्थलांतर झाले ते सुट्टी संपता संपता, त्यामुळे कित्येक मुले तपासल्याविनाच गाडीत बसली. अंथरूण ओले होई ते बहुधा आईपासून तुटल्यामुळे. बोल मात्र आईलाच लागला.

सातपूरला शिकवताना मी असलेच पाहिले. एकदा तपासणीच्या वेळी व्हरांड्यात सगळ्या वर्गासमोर एका मुलीची वेणी सोडून फणी फिरवली आणि ‘हिला वेगळी बसवा’ म्हणून सांगितले. आई कंपनीत पाळीवर, घरी पाणी दिवसाआड. ती पोर पुढे कितीतरी दिवस शाळेत फिरकली नाही.

शाळांत मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या सरकारी पथकांना कळकळीची विनंती आहे : तपासणी आडोशाला करा आणि उवा-खरजेचे औषध घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी द्या. एकट्या मुलाला देऊन भागत नाही, घरातूनच उवा-खरूज पुन्हा लागतात.

– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक