बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा

ती. आई-बाबा,

बाबा, हे पत्र तुम्ही वाचायचंय, आईला चष्मा शोधून द्यायचा नाही आणि आईने मान वर करायची नाही. डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दहा दिवस पालथं सांगितलंय, म्हणजे पालथं. काल व्हिडिओ कॉलवर नुसता तुझा अंबाडा दिसत होता गं आई, आणि खालून आवाज येत होता की फरशीवरचे ठिपके मोजून झाले, आता काय करू. तेव्हापासून एक बाई डोक्यात घुसलीये ती जात नाहीये, तिच्याबद्दल लिहिते.

अलिसिया अलोन्सो. क्युबाची बॅले डान्सर. मागे आम्ही इथल्या थंडीला कंटाळून टोरोंटोहून हवानाला गेलो होतो ना, तू गुलाबी गाडीतले फोटो बघून हसलेलीस, तेव्हा तिथल्या मोठ्या थिएटरवर तिचं नाव बघितलं. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजी तिला नुसतं अलिसिया म्हणायच्या, शेजारच्या घरातली असल्यासारखं. त्यांना इंग्रजी जेमतेम, मला स्पॅनिश शून्य, मग त्यांनी जेवायच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकवर दोन बोटं उभी केली आणि ती चालवायला लागल्या. टाच, चवडा, गिरकी. मी बघतच बसले.

तर गोष्ट अशी. जन्म हवानाचा, १९२०. सोळा-सतराव्या वर्षापर्यंत लग्न, न्यूयॉर्क, मुलगी सगळं होऊन गेलं. नवरा फर्नांडोही डान्सरच. आणि १९४१ मध्ये, विशीत, तुझ्यासारखाच हिचा रेटिना, डोळ्याच्या आतला मागचा पडदा, सुटला. तेव्हा लेझर नाही, तुझ्या डोळ्यात भरलाय तसला गॅस नाही, ऑपरेशन करायचं आणि मग डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडून राहायचं. अशी तीन ऑपरेशनं झाली. शेवटच्या वेळी जवळजवळ वर्षभर अंथरुणात, डोकं हलवायचं नाही, जोरात चावायचं नाही, हसायचं नाही, रडायचंसुद्धा नाही. (आई, तुला हसायला परवानगी आहे, मी डॉक्टरांना विचारलंय.)

त्या अंधारात ही बाई जिझेल शिकली. जिझेल म्हणजे एका गावातल्या पोरीची गोष्ट, प्रेमात फसते, भर लोकांत वेडी होऊन मरते आणि दुसऱ्या अंकात भूत होऊन नाचते, बॅलेत हा रोल फार अवघड मानतात. फर्नांडो पलंगाशी बसून स्टेप्स सांगायचा आणि दोघं मिळून ते बोटांवर बसवायचे. पाय म्हणजे दोन बोटं आणि स्टेज म्हणजे चादर.

मग न्यूयॉर्कला परत. २ नोव्हेंबर १९४३, जिझेल करणारी अलिसिया मार्कोवा आजारी पडली आणि हिला उभं केलं, आणि तो रोल पुढे आयुष्यभर हिचाच झाला. बाजूचं दिसणं मात्र गेलं ते गेलंच. स्टेजवर झगझगीत रंगीत दिवे लावून घ्यायची, अमुक रंग म्हणजे इथे कडा, आणि जोडीदाराने ठरलेल्या जागीच उभं राहायचं, वीतभरही इकडेतिकडे नाही. बघणाऱ्याला पत्ता लागायचा नाही.

१९४८ ला ती, फर्नांडो आणि दीर आल्बर्तो, तिघांनी हवानात स्वतःची बॅले कंपनी काढली, दोन वर्षांनी शाळा. १९५६ मध्ये तेव्हाचा हुकूमशहा बतिस्ता याच्या सरकारने पैसे बंद केले. १९५९ ला क्रांती झाली आणि तिचा नेता कास्त्रो याने २ लाख डॉलर दिले, त्यातून क्युबाचा राष्ट्रीय बॅले उभा राहिला. शाळा फुकट. अनाथाश्रमातून मुलगे आणले, त्यातलाच होर्खे एस्किव्हेल पुढे तिचाच जोडीदार झाला. ट्रकवाल्याचा मुलगा कार्लोस अकोस्ता त्याच शाळेत शिकून लंडनमध्ये गाजला.

बाबा म्हणतील सगळं गोडगोड सांगतेस. नाही हो. कंपनीवरचा हात तिने शेवटपर्यंत सोडला नाही, नव्वदी उलटली, दिसणं जवळपास संपलं तरी डायरेक्टर हीच, पासष्टी ओलांडली तरी नाचतही होती, आणि तरुण पोरं जुनं तेच तेच नाचून कंटाळून बाहेर पळायची. १९६६ ला पॅरिसच्या दौऱ्यातून दहा नर्तक परत आलेच नाहीत. राजवटीविरुद्ध ही अवाक्षर बोलली नाही, हे मला पटत नाही. आणि पलंगाशी बसणारा फर्नांडो, त्याच्याशीही सत्तरच्या दशकात घटस्फोट झाला. त्याने शिकवायची जी पद्धत बसवली ती जगभर नावाजली पण थिएटरवर नाव एकटीचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये गेली, ९८ वर्षांची होऊन, त्याच थिएटरमध्ये लोक रांगा लावून दर्शन घेऊन गेले.

पण मी लिहायला बसले ते त्या दोन बोटांसाठी. कारण टेबलावर त्या आजींची बोटं बघून मला हवाना नाही, आपल्या सांगलीच्या घरातला ओटा आठवला. शाळेच्या गॅदरिंगचा डान्स तू बसवायचीस आई, ओट्यावर पीठ सांडलेलं असायचं त्यात दोन बोटांनी, एक दोन तीन आणि वळ, एक दोन तीन आणि वळ, आणि मागे दूध उतू. बाबा ओरडायचे. सकाळी पिठात तुझ्या बोटांच्या खुणा असायच्या आणि संध्याकाळी त्याच स्टेप्स पाचवीच्या पोरी करायच्या. तुला कुणी स्टेजवर बोलावून नारळसुद्धा दिला नाही कधी, मला तेव्हा कळतच नव्हतं.

तर आता उशीवर बोटं टेकव. ते कोळीगीत होतं ना, ज्यात मी टोपली घेऊन उलट्या दिशेला वळले होते, त्याची सुरुवात मला आठवत नाहीये, डावा पाय आधी का उजवा? बाबा, तिची नुसती बोटं दिसतील असा व्हिडिओ काढून पाठवा, तोंड नको, मान हलवेल ती. इथे तुमची नात शाळेत करणार आहे.

ड्रॉप्स चार वेळा, अलार्म लावून. डोळ्यातला गॅस जिरेपर्यंत विमानात बसायचं नाही असं डॉक्टर म्हणालेत, म्हणून तुमची तिकिटं मी अजून काढली नाहीत.

तुमची,
छकुली