८७ मायक्रोसेकंदांचा हिशेब मांडून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

वागळे इस्टेटमधलं आमचं स्प्रिंग तपासायचं जुनं मशीन पुन्हा नीट चालतंय, ते केवळ तुमच्यामुळे. मशीनकडून येणारे आकडे कॉम्प्युटरकडून मधेच गळायचे, आणि आधी आलेल्या प्रत्येकाने कॉम्प्युटर भंगारात काढा एवढंच सांगितलं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि चलनाच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडलात.

तो कागद जपून ठेवलाय. मशीनचे आकडे कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टवर एकामागोमाग येतात; वेग १,१५,२०० बॉड, म्हणजे सेकंदाला तितके बिट, एका बाइटला दहा बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. पोर्ट सांभाळणाऱ्या १६४५० चिपमध्ये आलेला एकच बाइट थांबू शकतो, त्यामुळे बाइटागणिक एक इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवून बाइट उचलायची प्रोसेसरला हाक. एका बाइटापासून पुढच्यापर्यंत जेमतेम ८७ मायक्रोसेकंद. ३३ मेगाहर्ट्झच्या ३८६ प्रोसेसरवर सुमारे २,८६० क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचे ठोके.

एवढ्यात काय काय उरकायचं, ते तुम्ही दाखवलंत. प्रोग्रॅम डॉस एक्स्टेंडरखाली (डॉसच्या प्रोग्रॅमला जास्त मेमरी वापरू देणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये, पण इंटरप्ट आल्यावर चालणारं रूटीन, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, जुन्या रिअल मोडमधलं. म्हणजे दर बाइटला रजिस्टर (प्रोसेसरमधले चालू आकडे) जपा, स्टॅक (तात्पुरत्या नोंदींची मेमरी) बदला, मोड बदला, काम झालं की तोच फेरा उलटा. इंटरप्ट करणारी नुसती इंट सूचना रिअल मोडमध्ये ३७ क्लॉक घेते, प्रोटेक्टेडमध्ये ५९, प्रिव्हिलेजची, म्हणजे प्रोग्रॅमच्या अधिकाराची, पातळी बदलली तर ९९. खरा वेळ त्यापुढच्या फेऱ्यात जातो. त्यात डिस्कवर लिहिणं चालू असलं की नवा बाइट जुन्यावर येऊन बसायचा, आणि आमच्या ग्राफला खाचा पडायच्या.

तुम्ही रूटीन प्रोटेक्टेड मोडमध्ये आणलंत, डीपीएमआयच्या (प्रोटेक्टेड मोडमधल्या डॉस प्रोग्रॅमांसाठीच्या सोयींच्या) फंक्शनने व्हेक्टर, म्हणजे इंटरप्ट आल्यावर कुठे जायचं तो पत्ता, लावलात आणि रूटीनची मेमरी लॉक केलीत, म्हणजे ऐन इंटरप्टच्या वेळी मेमरीचं ते पान (तुकडा) डिस्कवर गेलेलं नको. मग सॉकेटमधली चिप काढून १६ बाइटांची रांग असलेली १६५५०ए बसवलीत.

मला सगळ्यात भावलं ते त्यानंतरचं. १४ बाइट साठल्यावर इंटरप्ट द्यावा, म्हणजे सेकंदाला ८२३वर भागेल, असं मी म्हटलं. तुम्ही ८ ठेवायला लावलंत. इंटरप्ट १,४४० झाले, पण रांगेतल्या उरलेल्या ८ जागा भरेपर्यंत जवळजवळ ७०० मायक्रोसेकंद हातात राहतात; १४ला दोनच जागा उरून तेच १७४ झाले असते. आता डिस्क चालू असतानाही ग्राफ सलग येतो.

आमच्या मुलांना हे सगळं तुमच्याच तोंडून ऐकायचंय. याल तेव्हा कळवा, ठाणे स्टेशनला घ्यायला येतो.

तुमचा कृतज्ञ,
वर्कशॉपमधला