हेल्मेट आहे, पण मापाचं आहे का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की घातलं की नाही, एवढ्यावरच सगळी चर्चा होते. ते डोक्याला बसतं का, हे कुणी विचारत नाही. मी रोज खंबाटकी घाट ओलांडून वाईहून शिरवळला मोटारसायकलने कामाला जाते. पहिली दोन वर्षं ढगळ हेल्मेट घालून गेले. मागून ट्रक येतोय का पाहायला मान वळवली की डोकं वळायचं, हेल्मेट मात्र जागेवरच राहायचं आणि एका डोळ्यासमोर त्याची काळी कड यायची. एकदा त्यापायी शेजारून आलेली जीप मला दिसलीच नाही. तिने हॉर्न दिला म्हणून वाचले.

ते हेल्मेट गाडीबरोबर मिळालं होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १३८ प्रमाणे नव्या दुचाकीसोबत बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मानकाचं हेल्मेट द्यावंच लागतं. मला ते मिळालं, आयएसआयची खूणही त्यावर होती. पण माप होतं ६०० मिलिमीटर, म्हणजे ६० सेंटीमीटर, आणि माझ्या डोक्याचा घेर ५४ सेंटीमीटर. गाडी देताना कुणी टेप काढली नाही.

मग लहान मापाचा शोध सुरू झाला. ‘लेडीज’ म्हणून दाखवलेल्या फुलाफुलांच्या हेल्मेटचं मापही ५८०च. एका दुकानात सांगितलं, ‘‘ताई, आत स्कार्फ बांधा, बसेल.’’ स्कार्फने डोकं भरतं, पण हेल्मेट घट्ट बसत नाही, कारण तो सरकतो. आतला थर्माकोलसारखा थर धक्का शोषतो खरा, पण त्यासाठी तो डोक्याला लागून असायला हवा. सैल हेल्मेट तर आदळल्यावर निघूनही जाऊ शकतं.

शेवटी पुण्यात नाना पेठेतल्या एका काकांनी भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवली, आतून एका खोक्यातून ५४०चं काढलं आणि घालून पंधरा मिनिटं बसायला लावलं. गाल दाबले जात होते. ‘‘गालांवर दाबायलाच हवं, कपाळात दुखलं तर मात्र सांगा,’’ ते म्हणाले. मग हेल्मेट धरून डावी-उजवीकडे हलवलं, तर गालाची कातडीही त्याच्याबरोबर हलली. हीच खरी परीक्षा, हे मला तेव्हा कळलं.

जॅकेटचंही तेच. दुकानात उभं राहून छान दिसणारं जॅकेट हँडलला हात लावला की मनगटापासून चार बोटं वर जातं. माझ्या जॅकेटचं कोपराचं पॅड तर कोपराखाली यायचं. आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी पॅडचा आतला खिसा उसवून दोन इंच वर शिवून दिला. हातमोज्यांचा तिढा अजून सुटलेला नाही, बोटांची टोकं रिकामी राहतात आणि क्लच धरताना अडकतात.

विक्रेत्यांना कळकळीची विनंती आहे की गाडीची चावी देण्याआधी गिऱ्हाइकाचं डोकं मोजा आणि ५४०, ५६०ची हेल्मेटंही ठेवा. रस्ता सुरक्षा अभियानात हेल्मेट वाटणाऱ्यांनीही एकाच मापाचा गठ्ठा आणू नये. आपल्या वृत्तपत्राने माप घेण्याची रीत चित्रासह छापली, तर आमच्या कारखान्याच्या सूचना फलकावर ती मी स्वतः लावेन.

आपली,
एक दुचाकीस्वार वाचक, वाई, जि. सातारा