बल आणि गती हाताने शिकवणाऱ्या मोटरमन काकांना खुले आभारपत्र

परळ, मुंबई

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

उपनगरी गाडीचे मोटरमन म्हणून निवृत्त झाल्यावर आपण आपल्या नातवाच्या शाळेत, म्हणजे आमच्याच शाळेत, सहावी ते आठवीच्या मुलांना बल आणि गती हे विषय शिकवण्यासाठी मदत करायला आलात, त्याबद्दल मी विज्ञान शिक्षिका या नात्याने मनःपूर्वक आभार मानते. हे आभार प्रत्यक्ष भेटीतही मानता आले असते. परंतु आपली पद्धत इतर शिक्षकांना आणि पालकांनाही कळावी, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे.

आपण पहिल्याच दिवशी एक अट घातली होती. कोणताही प्रयोग करण्यापूर्वी प्रत्येक मुलाने ‘काय होईल’ याचे उत्तर वहीत लिहायचे, आणि एकदा लिहिलेले खोडायचे नाही. प्रयोग दाखवून नंतर स्पष्टीकरण देणे हा आम्हा शिक्षकांचा नेहमीचा क्रम असतो. त्यात मुले मान डोलावतात, मात्र त्यांच्या मनातली जुनी समजूत जागच्या जागी राहते. लिहिलेले उत्तर डोळ्यांसमोर असले की ती समजूत मुलाला स्वतःलाच तपासून पाहावी लागते.

या वयाच्या मुलांची एक समजूत फार चिवट असते. वस्तूला धक्का दिला की तो तिच्यात साठतो आणि संपला की वस्तू थांबते, असे त्यांना ठामपणे वाटते. बाहेरून बल लागल्याशिवाय वस्तूची गती बदलत नाही, हा न्यूटनचा पहिला नियम तोंडपाठ असलेली मुलेही कॅरमचा स्ट्रायकर का थांबला असे विचारल्यावर ‘जोर संपला’ असेच सांगतात. आपण या उत्तराला चूक म्हटले नाही. एका फळीवर दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये रबर ताणले, मागे एक खूण केली, आणि स्ट्रायकर प्रत्येक वेळी त्या खुणेपर्यंतच ओढून सोडायचा, असे ठरवून दिले. धक्का दर वेळी तेवढाच राहील याची ही सोय इतकी साधी होती की ती मला आजवर का सुचली नाही, याचे आश्चर्य वाटते. आधी बोर्डावर कापड अंथरून, मग पुसलेल्या कोरड्या बोर्डावर आणि शेवटी बोरिक पावडर टाकून मुलांनी अंतरे मोजली. पावडर टाकल्यावर स्ट्रायकर थेट समोरच्या पट्टीवर आदळला, तेव्हा आपण एवढेच विचारले, “जोर तर तेवढाच होता, मग या वेळी तो लवकर का नाही संपला?” बराच वेळ वाद झाला आणि अखेर सातवीतल्या एका मुलीने सांगितले की जोर संपत नसावा, बोर्डच स्ट्रायकरला अडवत असावा. घर्षण हे गतीच्या विरुद्ध दिशेने लागणारे बल आहे, हे वाक्य मी त्यानंतर फळ्यावर लिहिले. व्याख्येची योग्य वेळ हीच, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

लाकडी ठोकळा तानकाट्याने, म्हणजे ओढ मोजणाऱ्या स्प्रिंगच्या काट्याने, ओढण्याचा प्रयोग आमच्याकडे पूर्वीपासून होता. ठोकळा एकसारख्या गतीने सरकत असतानाच वाचन घ्यायचे, हा आपला आग्रह मात्र नवा होता. त्यामुळे ठोकळा जागचा हलवायला जास्त बल लागते आणि सरकत ठेवायला त्याहून कमी पुरते, हा फरक मुलांना आकड्यांत दिसला.

सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियम चॅनलवरचा प्रयोग मला सर्वांत सुंदर वाटला. चॅनलला अगदी किंचित उतार देऊन त्यावर समान अंतरांवर बारीक रबरबँड चढवले आणि वरून गोटी सोडली, तेव्हा तिचे टिक-टिक आवाज उत्तरोत्तर जवळ येत गेले. मग सर्व आवाज एका ठेक्यात येईपर्यंत मुलांनी केवळ कानाच्या भरवशावर रबरबँड सरकवायचे होते. आमच्या मुलांचे कान लेझीम आणि ढोल-ताशावर तयार झालेले असल्यामुळे हे काम त्यांनी माझ्या अपेक्षेपेक्षा फारच लवकर केले. मोजपट्टी लावल्यावर आरंभापासूनची अंतरे सुमारे 10, 40, 90 आणि 160 सेंटिमीटर भरली. म्हणजे पहिले अंतर एक पट धरले, तर नंतरच्या प्रत्येक ठेक्याला गोटी तीन, पाच आणि सात पट अंतर कापत होती. गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्यासाठी मांडलेला नियम हाच आहे. तो सांगितल्यावर मुलांनी मोजपट्टी पुन्हा लावून पाहिली, याचा मला विशेष आनंद झाला.

पालकांच्या लेखी संमतीने दुपारच्या कमी गर्दीत केलेल्या लोकल प्रवासाबद्दल आपले आभार मानावेत तितके थोडे आहेत. दादरहून ठाण्याकडे जाणाऱ्या जलद गाडीत मुलांच्या हाती गवंड्याचा ओळंबा आणि थोडी हवा राखून पाण्याने भरलेली, आडवी धरलेली बाटली होती. गाडी सुटताना ओळंबा मागे झुकला आणि ब्रेक लागताच पुढे आला, हे बहुतेकांच्या वहीत बरोबर होते. सरळ रुळावर गाडी एकसारख्या वेगाने धावू लागल्यावर तो फलाटावर उभ्या गाडीत असतो तसाच सरळ लोंबेल, हे मात्र फारच थोड्यांनी लिहिले होते. बाटलीतल्या बुडबुड्याने तर सगळ्यांनाच चकवले, कारण गाडी सुटताना तो पुढे गेला. पाणी जड असल्यामुळे मागे राहते आणि हलक्या बुडबुड्याला पुढे ढकलते, हे मुलांनी आपसांत बोलून शोधले. आपण हसून गप्प राहिलात, ही मला सर्वांत मोठी मदत वाटली.

गाडीने वेग घेतला की मोटरमन वीज तोडतो आणि तरीही गाडी कितीतरी अंतर धावत राहते, ही त्याच प्रवासात आपण सांगितलेली माहिती मुलांनी लगेच कॅरमच्या पावडरीशी जोडली. पोलादी रुळावर पोलादी चाकाला अडथळा फार कमी असतो, आणि म्हणूनच फलाट येण्याच्या बऱ्याच आधी ब्रेक लावावा लागतो, हे आपल्याइतक्या अधिकाराने मला सांगता आले नसते.

मुलांनी आता पुढची तयारी स्वतःहून केली आहे. झाकणाच्या बरणीत पाणी काठोकाठ भरून, तळाशी दोऱ्याने बांधलेले बूच त्यात तरंगत ठेवले आहे. गाडी सुटताना ते कोणीकडे झुकेल, याची उत्तरे प्रत्येकाने लिहून पाकिटात बंद केली आहेत. ती पाकिटे आपल्यासमोरच फोडायची, असा वर्गाचा निर्णय आहे. सहामाही परीक्षा संपल्यानंतरचा आपल्या सोयीचा दिवस कृपया कळवावा, म्हणजे संमतिपत्रे वेळेवर मागवता येतील.

आपली कृतज्ञ,
विज्ञान शिक्षिका