तीर्थरूप बाबांस, गांजाच्या चर्चेविषयी

टोरंटो,
२३ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचे पत्र मिळाले. इंदूरच्या रामबागेतल्या तुमच्या ज्येष्ठ मंडळाने पुढच्या महिन्यात गांजाला कायद्याने मोकळीक द्यावी की नाही यावर चर्चा ठेवली आहे, आणि जन्मभर बँकेच्या खातेवह्या तपासलेल्या माणसाने ऐकीव माहितीवर बोलू नये म्हणून तुम्ही मला इकडचा अनुभव विचारला आहे. मी औषधांच्या दुकानात काम करते म्हणून मला सगळे ठाऊक असेल, हा तुमचा तर्क मात्र अर्धाच खरा आहे. आमच्या दुकानात गांजा मिळत नाही. त्याची दुकाने वेगळी असतात. तिथून माल घेतलेली माणसे पुढे शंका घेऊन आमच्याकडे येतात, एवढाच माझा संबंध.

आधी कायद्याचे सांगते. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. त्यापूर्वी देशभर असे करणारा एकच देश होता, उरुग्वे, आणि त्याने तो कायदा २०१३ साली केला. इथे प्रौढ माणसाला सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅमपर्यंत वाळलेला गांजा जवळ बाळगता येतो आणि बहुतेक प्रांतांत घरी चार रोपे लावता येतात. वयाची अट आमच्या ओंटारिओत १९ आहे. शेजारच्या क्यूबेकने ती २०२० मध्ये २१ वर नेली. अल्पवयीन मुलाला गांजा देणाऱ्यास १४ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मंडळात कोणी "तिकडे सगळे मोकाट आहे" असे म्हणाले, तर त्यांना एवढे तरी जरूर ऐकवा.

सरकारने त्या वेळी दोन उद्दिष्टे सांगितली होती: गांजा मुलांच्या हाती पडू नये आणि त्यातला नफा गुन्हेगारांच्या खिशात जाऊ नये. दुसरे बऱ्याच अंशी साधले आहे. पूर्वी जो माणूस कोपऱ्यावरच्या अनोळखी पोराकडून पुडी घेत असे, तो आता ओळखपत्र दाखवून, कर भरून, प्रमाण छापलेले पाकीट घेतो. पहिल्या उद्दिष्टाविषयी इतक्या ठामपणे बोलवत नाही. शाळकरी मुलांमधले प्रमाण लोकांना भीती होती तसे उसळले नाही, पण फारसे घटलेही नाही. प्रौढांमधले मात्र वाढले. वाहन चालवणाऱ्यांचा प्रश्नही सुटलेला नाही, कारण दारूप्रमाणे रक्तातल्या आकड्यावरून माणूस किती धुंदीत आहे हे गांजाच्या बाबतीत नीट कळत नाही.

मला स्वतःला सर्वांत जास्त खटकते ती खाण्याच्या पदार्थांची गोष्ट. २०१९ पासून गांजाचा अर्क घातलेल्या रंगीत गोळ्या आणि चॉकलेटे विकायला परवानगी मिळाली. एका पाकिटात टीएचसी, म्हणजे धुंदी आणणारा घटक, दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, पाकीट मुलांना उघडता येऊ नये, त्यावर चित्रे नसावीत, असे सगळे नियम आहेत. तरीही आमच्या ओळखीच्या एका घरी तीन वर्षांच्या मुलाने उशाशी राहिलेल्या गोळ्या मिठाई समजून खाल्ल्या. दोन तासांनी तो उभा राहीना, हाका मारल्या तरी डोळे उघडीना. रात्रभर त्याला इस्पितळात नजरेखाली ठेवावे लागले. मूल बरे आहे. त्याच्या आईने त्या दिवसापासून घरात साधी जेलीची गोळीसुद्धा आणलेली नाही. असे प्रकार इथे कायद्यानंतर वाढले, हे डॉक्टरांच्या पाहण्यांतूनही दिसले आहे. क्यूबेकने असला मिठाईसारखा माल सुरुवातीपासूनच विकू दिला नाही, आणि मला ते शहाणपणाचे वाटते.

खाल्लेल्या गांजाचा फसवेपणा आपल्याला नवा नाही. रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याहून परतलेल्या मामाने "काहीच चढत नाही" म्हणून भांगेच्या ठंडाईचा दुसरा पेला घेतला होता आणि संध्याकाळी आजीच्या पाटावर बसून हसता हसता तो रडू लागला होता, ते तुम्हाला आठवत असेल. पोटातून जाणारा गांजा चढायला तास-दीड तास घेतो, आणि तेवढ्या वेळात माणूस दुसरी मात्रा घेऊन बसतो. मामाला जे झाले तेच इथे माझे ग्राहक मला मोठे गूढ असल्यासारखे सांगत असतात. फरक आहे तो जोराचा. भांग पानांची असते. इथल्या दुकानातल्या फुलांच्या कित्येक पाकिटांवर टीएचसी २० टक्क्यांहून अधिक लिहिलेले असते. असला माल कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याला मानसिक आजाराचा धोका खरोखरच असतो, विशेषतः घराण्यात तसा आजार असेल तर.

आपल्याकडच्या कायद्यात एक गंमत आहे, आणि तुमच्या चर्चेत ती यायलाच हवी. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे असे ठरवले आणि शेंड्याशिवायची पाने व बिया वगळल्या. म्हणून एकाच झाडाचे पान परवानाधारक दुकानात घोटले जाते आणि शेंडा खिशात सापडला तर कोठडी मिळते. एक किलोपर्यंत एक वर्षापर्यंतची कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही; २० किलोच्या वर दहा ते वीस वर्षे. आपल्या गल्लीतल्या त्या मुलाकडे तर चिमूटभरच होते. शिक्षा झाली नाही, पण नुसत्या खटल्यापायी त्याची लागलेली नोकरी गेली आणि नंतर तो दारूला लागला. त्याचे नुकसान गांजाने अधिक केले की खटल्याने, हा हिशेब मला अजून लावता आलेला नाही. इथेही गांजा नुसता जवळ बाळगल्याच्या जुन्या गुन्ह्यांची नोंद बाजूला काढून ठेवण्याची मोफत सोय २०१९ मध्ये झाली. पण अर्ज ज्याचा त्याने करायचा होता, आणि फारच थोडे लोक तिकडे फिरकले.

दुसरी गोष्ट जुनी आहे. १८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला म्हणून इंग्रज सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने ११९३ साक्षी नोंदवल्या आणि माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, कर आणि परवाने यांनी आळा घालावा, असा अभिप्राय दिला. त्या काळी आपल्या शेजारच्या खंडव्याकडे गांजाची शेती सरकारी देखरेखीखाली होत असे. म्हणजे परवान्याची कल्पना कॅनडाहून आणायला नको.

पण परवाना म्हटले की मला आपल्या मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचची अफू आठवते. लागवडीचे पट्टे, म्हणजे परवाने, केंद्र सरकार देते, शेत मोजले जाते, सगळा चीक सरकारच्या काट्यावर जातो, तरीही थोडी अफू आणि डोड्याचा, म्हणजे अफूच्या बोंडाचा, चुरा चोरबाजारात पोहोचतोच. अफूवर इतकी नजर ठेवूनही ती गळत असेल, तर गांजाची रंगीत गोळ्यांची दुकाने उघडून ती सांभाळता येतील, यावर माझा विश्वास बसत नाही. म्हणून माझे मत अर्धवट वाटले तरी असे आहे: चिमूटभर जवळ बाळगणाऱ्यावरची फौजदारी काढून टाकावी, विक्रीचा बाजार मात्र मांडू नये.

मामींनी गुडघ्यांसाठी "ते गांजाचे तेल" मागवले आहे. त्यांना सांगा की ते मला आणता येणार नाही. इथे कायदेशीर असलेला गांजा देशाच्या सीमेबाहेर नेणे इथल्याच कायद्याने गुन्हा आहे. शिवाय त्या रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेतात, आणि या तेलाने त्या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. इंदुरात कोणी तसली बाटली देऊ केली, तरी त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ देऊ नका.

आईस साष्टांग नमस्कार. पुण्याला आत्याकडे जाल तेव्हा हे पत्र तिलाही वाचून दाखवा, तिचे मत माझ्या विरुद्ध असणार. मंडळात तुम्ही कोणत्या बाजूने उभे राहिलात ते कळवा.

तुमची,
मेघना